अधिपरिचारिका ते अधिसेविका

रुग्णालयात भेटणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला आपण 'सिस्टर' अशी हाक मारतो. हा शब्द मठातून आलेला आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील मठ मोडीत निघाले, तरी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू आणि सेंट थॉमस या रुग्णालयांत वॉर्डप्रमुख बाईला सिस्टर म्हणण्याची प्रथा टिकली. शब्दाबरोबर एक अपेक्षाही टिकली. धर्मभगिनीने दारिद्र्याचे व्रत स्वेच्छेने घेतलेले असते आणि तिच्या म्हातारपणाची काळजी मठ वाहतो. पगारी परिचारिकेला मात्र घरभाडे भरायचे असते, मुलांच्या शाळेचे पाहायचे असते. तरीही तिच्या वेतनाचा विषय निघाला की 'सेवा' हा शब्द पुढे केला जातो. आमच्या समाजातील अनेक मुलींनी हा पेशा पत्करला आणि त्यांच्या पगारावर कितीतरी घरे उभी राहिली. त्यामुळे हा इतिहास आम्हांला परका नाही.

फेब्रुवारी १८८८ मध्ये दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, त्या गोऱ्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी. एतद्देशीय स्त्रियांपैकी काशीबाई गणपत १८९१ साली प्रशिक्षणासाठी आल्याची नोंद आढळते. पुढे प्रशिक्षण वाढले ते नाइटिंगेल पद्धतीने : विद्यार्थिनीने वसतिगृहात राहावे, अल्प विद्यावेतन घ्यावे आणि शिकता शिकता वॉर्ड सांभाळावा. रुग्णालयांना स्वस्त मनुष्यबळ मिळाले. परिचारिकेच्या श्रमाची किंमत मात्र पहिल्याच दिवशी खाली ठरून गेली, असे आम्हांला वाटते.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्या वेळी देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर आणि अवघ्या ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, तर ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. शिक्षणाची वाट अशी रुंदावली, नोकरीची तशी रुंदावली नाही. पदविका घेतलेली आणि पदवी घेतलेली, दोघी सरकारी वॉर्डात एकाच पदावर रुजू होतात.

महाराष्ट्रात या पदाला अधिपरिचारिका म्हणतात. तिच्या वर परिसेविका, मग सहायक अधिसेविका, आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे आपल्या बोलण्यातली मेट्रन. शिडी नीटस दिसते खरी. पण वॉर्डात अधिपरिचारिका अनेक आणि परिसेविकेचे पद एखादेच, तर सबंध रुग्णालयाला अधिसेविका एक. वरची निवृत्त होईपर्यंत खालचीने थांबायचे. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये सेवाकाळात प्रत्येक परिचारिकेला तीन पदोन्नती मिळाव्यात, असे सुचवले होते.

पदे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. राज्य सरकारने १९९५ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कालबद्ध पदोन्नतीची योजना काढली. बारा वर्षे एकाच पदावर काढली की वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळे. काम मात्र तेच, रात्रपाळ्याही त्याच. पदोन्नती हा शब्द येथे जरा सढळ हाताने वापरला गेला, असे म्हणावेसे वाटते. केंद्राने २०१६ मध्ये पदनाम बदलून 'नर्सिंग ऑफिसर' असे केले. नावाला मान आला, हे आम्ही नाकारत नाही.

वेतनाचे आकडे अधिक बोलके आहेत. पाचव्या वेतन आयोगात केंद्राच्या परिचारिकेची सुरुवात दरमहा ५,००० रुपये मूळ वेतनावर होत असे. सातव्या आयोगात, १ जानेवारी २०१६ पासून, ती ४४,९०० वर गेली. महाराष्ट्रानेही सातवा आयोग त्याच तारखेपासून लागू केला. पण येथील अधिपरिचारिकेची सुरुवात ३५,४०० रुपयांवर ठेवली. शिक्षण तेच, सलाइन तेच, रुग्णांची रांगही तीच. फरक साडेनऊ हजारांचा.

निदान या पगाराला वेतनवाढ आणि रजा जोडलेल्या आहेत. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका संपावर गेल्या, त्यामागे खासगी संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्यास असलेला विरोध होता. कंत्राटी मुलगी अधिपरिचारिकेचेच काम करते; पण कंत्राट संपले की तिचे सेवेचे वर्ष कोणत्याच ज्येष्ठता यादीत चढत नाही.