स्वमग्न मूल, पालक आणि शाळा : महाराष्ट्रातील वाटचालीचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर)

सारांश :
स्वमग्न मुलाला शाळेत जो ताण सोसावा लागतो त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत तीन वेळा बदलले. प्रारंभी ती मातेवर टाकण्यात आली, नंतर मुलाच्या उणिवांवर, आणि अखेर कायद्याने ती शाळेवर सोपविली. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलाचा आढावा घेतला असून, कायद्याने शाळेचे दार उघडले तरी वर्गातील दिवस स्वमग्न मुलाला सुसह्य करण्याचे काम अपुरे आहे आणि त्याचा भार पुन्हा घरावर येतो, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्वमग्नता, शालेय ताण, पालक-चळवळ, समावेशित शिक्षण, ग्रामीण महाराष्ट्र.

१. प्रस्तावना :
अपंगत्वाच्या इतिहासाचे लेखन मराठीत अद्याप अल्प आहे. जे आहे ते बहुतांशी संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ आणि शासकीय अहवाल यांत विखुरलेले आहे. त्यातही स्वमग्नतेचा विचार वैद्यकशास्त्र व मानसशास्त्र यांच्या कक्षेतच झालेला दिसतो. वस्तुतः स्वमग्न मुलाचा प्रश्न शाळेत सर्वाधिक तीव्र होतो. घरातील माणसे त्याच्या सवयी जाणतात व त्याला सांभाळून घेतात. शाळा मात्र ठरावीक वेळ, सामूहिक शिस्त आणि तोंडी सूचना यांवर चालते. म्हणून शाळेच्या अंगाने या विषयाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

या आढाव्यासाठी पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गाव संदर्भबिंदू म्हणून घेतले आहे. करकंब हे पंढरपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले मोठे बाजारपेठेचे गाव आहे. ते अतिदुर्गम नाही आणि शहरही नाही. महाराष्ट्रातील असंख्य स्वमग्न मुले अशाच गावांत वाढतात. म्हणून मुंबई-पुण्यात घडलेल्या इतिहासाचा पल्ला कोठपर्यंत पोहोचला हे अशा गावावरून जोखता येते. लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. नाव आणि दोषारोप :
‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी छिन्नमनस्कतेच्या संदर्भात वापरला. बालकांच्या संदर्भात त्याला आजचा अर्थ लाभला तो १९४३ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढील वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी याच प्रकारच्या मुलांचे वर्णन केले. कॅनर यांनी ही अवस्था जन्मजात मानली. पण पालकांच्या थंड स्वभावाविषयीही त्यांनी शेरे मारले. हेच शेरे पुढे सिद्धान्त बनले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने मातेच्या मायेच्या अभावातून मूल स्वतःत मिटते, ही कल्पना सर्वदूर पोहोचविली.

या कल्पनेस पहिला सबळ छेद दिला तो स्वतः स्वमग्न मुलाचे पिता असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ मधील ग्रंथातून. १९६९ मध्ये कॅनर यांनीही पालकांच्या मेळाव्यात त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. इंग्लंडमध्ये पालकांनी १९६२ मध्ये संस्था स्थापन केली व १९६५ मध्ये स्वतःची शाळा काढली. लोर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीच्या माता होत्या. त्यांनी ज्यूडिथ गूल्ड यांच्यासह १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्वमग्नतेची व्याप्ती पूर्वी समजली जात होती त्याहून मोठी असल्याचे दिसून आले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉपलर यांनी १९७२ पासून राज्यव्यापी कार्यक्रमात पालकांना दोषी न मानता सहचिकित्सक मानले आणि चित्ररूप वेळापत्रकासारखी साधने वर्गात आणली. थोडक्यात, या विषयातील जवळजवळ प्रत्येक वळणावर पालक उभे आहेत.

मराठीत ‘स्वमग्न’ हा शब्द रूढ झाला. तो सुटसुटीत आहे, परंतु स्वतःतच रमलेले, बाहेरच्या जगाची दखल न घेणारे मूल असे चित्र तो उभा करतो. प्रत्यक्षात अशी अनेक मुले बाह्य जगाचे आवाज, स्पर्श व प्रकाश इतरांहून अधिक तीव्रतेने अनुभवतात. शब्दामुळे निर्माण झालेला हा गैरसमज शाळेत महागात पडतो. कारण जे मूल कान झाकून बसते त्याचे ‘लक्ष नाही’ असा शेरा दिला जातो.

३. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका :
महाराष्ट्रात वेगळ्या गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा आरंभही पालकांच्या घरातूनच झाला. मुंबईत वकील दाम्पत्याने आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये जी शाळा सुरू केली ती आज जय वकील संस्था म्हणून ज्ञात आहे. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू झाली. या शाळा प्रामुख्याने त्या काळी ‘मतिमंद’ म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी होत्या. स्वतंत्र निदान नसल्याने स्वमग्न मुलेही याच नावाखाली येत, अथवा शाळेच्या हजेरीपटावर येतच नसत.

दुसरा प्रवाह बालशिक्षणाचा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांच्या अंगणवाडीमागील विचार होता. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, परंतु शाळेने मुलानुरूप बदलावे हा मूळ विचार प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यावर थांबला. स्वमग्न मुलांच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरली.

नव्वदच्या दशकात स्वमग्नतेसाठी स्वतंत्र काम उभे राहिले. दिल्लीत मेरी बरुआ यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू झाली. मुंबईत पालकांचे ‘फोरम फॉर ऑटिझम’, २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी स्थापन केलेले ‘उम्मीद’ बालविकास केंद्र आणि पुण्यातील ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ ही महाराष्ट्रातील महत्त्वाची नावे होत. ही केंद्रे महानगरांत होती आणि त्यांची भाषा, शुल्क व वेळा नागरी कुटुंबाला झेपतील अशाच होत्या. यात त्यांचा दोष नाही. पालक जेथे संघटित होऊ शकले तेथे काम उभे राहिले.

४. कायद्याचा प्रवास :
१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारांचा समावेश होता. स्वमग्नता त्यांत नव्हती. परिणामी अनेक स्वमग्न मुलांना ‘मतिमंद’ म्हणून प्रमाणपत्र घ्यावे लागे, अथवा प्रमाणपत्राविनाच राहावे लागे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा प्रथम उल्लेख झाला; तथापि त्याचा भर पालकत्व व संगोपन यांवर होता, शाळेवर नव्हता.

२००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने ६ ते १४ वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. मात्र त्यातील अपंग बालकांविषयीची तरतूद १९९५ च्या अधिनियमाशी जोडलेली असल्याने स्वमग्न बालक तिच्या कक्षेबाहेर राहिले. २०१२ च्या दुरुस्तीने ही त्रुटी दूर केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या २१ केली व स्वमग्नतेला स्पष्ट स्थान दिले. मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा व वाजवी सोयी पुरवाव्यात, हे बंधन त्यात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये या २१ प्रकारांतील विद्यार्थ्यांसाठी पहिली ते बारावीच्या सवलती निश्चित केल्या आणि २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिव्यांग विद्यार्थी व विशेष शिक्षक यांच्या प्रमाणाविषयी निर्देश दिले.

हा प्रवास निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु या तरतुदींचा रोख पाहिला असता तो प्रवेश, प्रमाणपत्र आणि परीक्षा या तीन ठिकाणी एकवटलेला दिसतो. वाढीव वेळ आणि लेखनिक या सवलती परीक्षेच्या दिवसापुरत्या आहेत. शालेय वर्षातील उर्वरित दिवस कसे जावेत, याविषयी ‘वाजवी सोयी’ या दोन शब्दांपलीकडे शाळेच्या हाती फारसे काही येत नाही.

५. करकंबहून दिसणारे अंतर :
स्वमग्नतेचे प्रमाणपत्र भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणीनुसार दिले जाते. या श्रेणीत ४० विधाने असून ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावरील गुण तीव्र स्वमग्नता दर्शवितात. ही तपासणी मानसशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांच्या मतावर अवलंबून असते. हे तज्ज्ञ प्रायः जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. करकंबहून सोलापूर पंढरपूरमार्गे सुमारे नव्वद किलोमीटर पडते. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाला एका फेरीसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते, आणि एका फेरीत काम होईलच असे नाही. शिवाय अनोळखी गर्दीत, एस.टी.च्या प्रवासानंतर, स्वमग्न मूल तपासणीस प्रतिसाद देण्याच्या मनःस्थितीत असतेच असे नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीची वर्षातून दोनदा व शाळेची एकदा तपासणी करावी असे अभिप्रेत असून विकासविषयक विलंबाची नोंदही त्यात येते. ही व्यवस्था गावापर्यंत येते हे तिचे बलस्थान होय. परंतु दात, डोळे, वजन यांच्या तुलनेत बोलणे, नजर आणि खेळ यांतील वेगळेपण धावत्या तपासणीत सुटणे सहज शक्य असते. दरम्यान ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘फार लाड झाले’, ‘बाहेरची बाधा आहे’ असे सल्ले घरात येत राहतात आणि त्यांचा रोख बहुतेकदा सुनेकडे असतो. महानगरात १९६९ नंतर मागे पडलेला मातृदोषाचा सिद्धान्त कोणीही न शिकवता येथे जिवंत राहतो.

हा प्रश्न तुरळक घरांचा नव्हे. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन ते नऊ वयोगटात स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आढळले. या हिशेबाने मोठ्या गावातील प्रत्येक पूर्ण प्राथमिक शाळेत असे एखाद-दुसरे मूल असण्याचा संभव आहे.

६. शालेय ताणाचे स्वरूप :
जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. सामूहिक प्रार्थना, ध्वनिक्षेपक, रांगा, मागच्याचा लागणारा धक्का, अचानक वाजणारी घंटा, पत्र्याच्या छताखालील गलका, शालेय पोषण आहाराचा वास. इतर मुलांना या गोष्टी जाणवतही नाहीत. स्वमग्न मुलाची मात्र अर्धी शक्ती पहिल्या तासापूर्वीच संपते. त्यात शिक्षक रजेवर गेले, वर्ग एकत्र केले किंवा खेळाचा तास गणिताला दिला की पुढे काय होणार याचा त्याचा आधार सुटतो. आषाढीच्या दिवसांत पंढरपूर परिसराचे एकूण वेळापत्रकच बदलते. अशा काळात हा ताण वाढणे स्वाभाविक आहे.

हा ताण दोन प्रकारे प्रकट होतो. काही मुले वर्गातच ओरडतात, पळतात, स्वतःला मारून घेतात. काही मुले दिवसभर गप्प राहतात आणि घरी पोहोचताच कोसळतात. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण शिक्षक प्रामाणिकपणे ‘आमच्याकडे तर शांत असतो’ असे सांगतात आणि दोष घराच्या वळणाला लागतो. पहिल्या प्रकारात पालकांना वारंवार बोलावणे येते. आईने शाळेच्या ओट्यावर बसून राहावे अशी अपेक्षा निर्माण होते. पुढे ‘आठवड्यातून दोनच दिवस पाठवा’ असा सल्ला मिळतो. मुलाचे नाव पटावर राहते, कायद्याचे पालनही होते, पण मूल घरी असते.

७. आधाराच्या शक्यता :
तज्ज्ञांची उणीव लगेच भरून निघणार नाही. म्हणून तज्ज्ञांविना काय शक्य आहे हे पाहिले पाहिजे. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित व पर्यवेक्षणाखालील कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मार्गदर्शन केले. त्यानंतर पालकांचा प्रतिसाद अधिक अनुरूप झाला आणि मुलांच्या संवादाच्या पुढाकारात वाढ दिसली. गोव्यात हे काम ‘संगथ’ या संस्थेमार्फत झाले. आशा व अंगणवाडी सेविकांचे जाळे असलेल्या महाराष्ट्रात हा अनुभव मोलाचा आहे. अर्थात त्यांच्यावरील विद्यमान कामाचा भार न वाढविता.

शाळेच्या पातळीवरील बदल खर्चिक नाहीत. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखविणारा पुठ्ठा, घंटेपूर्वी दिलेली पूर्वसूचना, परिपाठात रांगेच्या टोकाला जागा, गलक्यातून उठून बसण्यासाठी ठरलेला शांत कोपरा, एका वेळी एकच व स्पष्ट सूचना, आणि शिक्षक व पालक यांच्यात फिरणारी एक वही, इतके पुरेसे असते असे नाही. पण सुरुवातीला इतके लागतेच. वहीत केवळ तक्रार न लिहिता ‘आज काय जमले’ हेही लिहिले जावे. रात्री झोप झाली नसेल तर आईने ते लिहावे आणि त्या दिवशी शिक्षकांनी अपेक्षा कमी ठेवावी. शाळेत जाण्यास नकार देणाऱ्या मुलाला ओढत नेण्यापेक्षा नकाराचे कारण शोधून थोड्या वेळापासून पुन्हा सुरुवात करणे हितावह ठरते. तसेच पालकांना, विशेषतः मातांना, परस्परांशी बोलता येईल असा मासिक मेळावा गटसाधन केंद्रात होऊ शकतो.

महाविद्यालयांचीही यात भूमिका आहे. दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात समावेशक शाळेचा विषय आहे. त्याचे प्रात्यक्षिक परिसरातील शाळेतच झाले तर तो परीक्षेपुरता राहणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून जनजागृती होते, तशीच चित्ररूप साधनांची निर्मितीही होऊ शकेल. मराठी विभागांनी पालकांसाठी सोप्या मराठीत पुस्तिका तयार करणे हे तर त्यांच्या अधिकारक्षेत्रातीलच काम आहे.

८. समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, स्वमग्नतेच्या इतिहासात पालक केवळ लाभार्थी नसून कर्ते आहेत; म्हणून शाळेने त्यांना बोलावून तंबी देण्याऐवजी त्यांच्याकडून माहिती घ्यावी. दुसरा, १९९५ ते २०१६ या काळात कायद्याने स्वमग्न मुलाला ओळख व प्रवेश दिला. त्याच्या शालेय दिवसाची घडी बसविण्याचे काम अद्याप शिक्षकाच्या व्यक्तिगत सद्‌भावनेवर सोडलेले आहे. तिसरा, जेथे तज्ज्ञ दूर आहेत तेथे या सद्‌भावनेला प्रशिक्षणाची जोड न मिळाल्यास सारा ताण घरात, आणि घरातही आईवर, जमा होतो.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे महाराष्ट्राने देशाला शिकविले. मूल शाळेत येऊनही तेथे टिकू शकत नसेल तर शाळेने स्वतःत बदल करावा, हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होय. तो करकंबसारख्या गावातील वर्गात दिसू लागेल तेव्हाच कायद्याचा हा प्रवास पूर्णत्वास गेला असे म्हणता येईल.