जुन्या गाडीतील इंजिन व गिअरबॉक्स बदल

जुन्या मोटारगाडीचे मूळ इंजिन व गिअरबॉक्स काढून त्यांच्या जागी नंतरच्या काळातील, बहुधा दुसऱ्या गाडीसाठी बनविलेले इंजिन व गिअरबॉक्स बसविणे, या क्रियेस इंजिन बदल असे म्हणतात. मराठवाड्यातील गॅरेजांच्या बोलीत यासाठी 'इंजिन टाकणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. मूळ इंजिनाचे सिलिंडर पुन्हा बोअर करणे, पिस्टन व रिंगा बदलणे यास 'इंजिन काम' म्हणतात. तो इंजिन बदल नव्हे. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसविणे हाही निराळा प्रकार आहे आणि कायद्यातही त्याचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. प्रस्तुत लेखात वेगळ्या जातीचे इंजिन बसविण्याच्या प्रथेचा, विशेषतः नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात, विचार केला आहे.

कारखान्यांनी केलेले बदल

जुन्या साच्यात नवे इंजिन घालण्याचा मार्ग प्रथम गॅरेजांनी शोधला असे समजणे चुकीचे ठरेल. भारतातील मोटार कंपन्यांनी स्वतःच तो अनेकदा अवलंबिला. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर ही गाडी ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली होती. तिच्यात दीर्घकाळ १४८९ घ.सें.मी. क्षमतेचे बीएमसी घराण्याचे पेट्रोल इंजिन होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानी इसुझू कंपनीच्या आराखड्याचे १८१७ घ.सें.मी.चे इंजिन पाच गतींच्या गिअरबॉक्ससह याच गाडीत आले. बाह्यांगात मोठा फरक न करता शक्ती सुमारे ७५ अश्वशक्तीपर्यंत गेली. 'कॉन्टेसा'ची कथाही अशीच आहे. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या या मोठ्या व वजनदार गाडीत आरंभी अँबॅसिडरचेच लहान इंजिन होते आणि ते तिला अपुरे पडे. इसुझूचे इंजिन मिळाल्यावरच तिला तिच्या आकारास साजेशी गती लाभली. प्रीमियर कंपनीने १९८५ च्या सुमारास '११८ एनई' ही गाडी आणली. तिचे अंग इटालियन फियाट १२४ चे, तर ११७१ घ.सें.मी.चे इंजिन व गिअरबॉक्स जपानी निसानचे होते.

नव्या गाडीचे साचे तयार करण्यास प्रचंड भांडवल लागते, त्यामानाने परवान्यावर इंजिन घेणे स्वस्त पडते, हे यामागील कारण होते. गॅरेजमधील मिस्त्रीचे गणितही मूलतः हेच असते. फरक एवढाच, की कारखान्यापाशी चाचणीचा मार्ग आणि प्रमाणपत्र असते.

जीप व डिझेल इंजिन

मराठवाड्यात इंजिन बदलाचा विषय निघाला की प्रथम जीपच डोळ्यांपुढे येते. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. पुढे दीर्घकाळ बनलेल्या सीजे-३बी या प्रकारात २१९९ घ.सें.मी.चे 'हरिकेन' हे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. या इंजिनाची उंची जास्त असल्यामुळेच त्या जीपचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा वर उचललेले दिसते. शासकीय खाती, सहकारी संस्था व मोठे शेतकरी यांच्याकडे या जीपा असत. कालांतराने लिलावात निघालेल्या जीपा खासगी मालकांच्या हाती आल्या आणि तेथून बदलांची परंपरा सुरू झाली.

मुख्य कारण इंधनाचे होते. पेट्रोल जीपचा खर्च सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याउलट, शासकीय किंमत नियंत्रणामुळे डिझेल बराच काळ पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त राहिले. शिवाय विहिरीवरील तेलइंजिने व ट्रॅक्टर यांमुळे डिझेल इंजिनाचा पंप, नोझल आणि हवा काढण्याची रीत खेड्यापाड्यांतील कारागिरांना परिचित होती. बिघाड झाल्यास पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरपेक्षा डिझेलच्या जाणकाराचा शोध लवकर लागे.

बसविण्यासाठी निवडल्या जाणाऱ्या इंजिनांत तीन घराणी ठळक आहेत. पहिले, महिंद्रनेच आपल्या डिझेल जीपांत वापरलेले, ट्रॅक्टरच्या वंशातील २३५० घ.सें.मी.चे इंजिन. दुसरे, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २११२ घ.सें.मी.चे 'एक्सडीपी' इंजिन, जे 'एमएम ५४०' या जीपमुळे सर्वपरिचित झाले. तिसरे, बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीझ-बेंझच्या 'ओएम ६१६' या आराखड्यावरून बनविलेले सुमारे २.४ लिटरचे इंजिन; हे मॅटाडोर व ट्रॅक्स या गाड्यांत असल्याने त्यास सरसकट 'मॅटाडोर इंजिन' म्हटले जाते. पहिल्या दोहोंचा फायदा असा, की महिंद्रच्याच डिझेल जीपांचे भाग जुन्या जीपला पुष्कळसे जुळतात. मॅटाडोर इंजिन टिकाऊ म्हणून नावाजलेले असले, तरी जीपमध्ये ते बसविण्यास जास्त कारागिरी लागते.

तांत्रिक बाजू

इंजिन बॉनेटखाली मावले म्हणजे काम झाले, हा समज सर्वांत घातक आहे. खरी अडचण इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यात असते. गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टच्या मागील टोकातील लहानशा पायलट बेअरिंगमध्ये फिरते. दोन्ही शाफ्टांची मध्यरेषा एकच असावी लागते. इंजिन एका घराण्याचे व गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असेल, तर मध्ये जाड पोलादी पट्टी अर्थात अ‍ॅडॅप्टर प्लेट घालावी लागते. ही पट्टी लेथवर काढताना इंचाच्या काही हजारांश भागांची चूक झाली (कारागीर या मापास 'थाऊ' म्हणतात) तरी क्लच थरथरतो, बेअरिंग अकाली जाते, ऑइल सील गळते आणि चालत्या गाडीचा गिअर निसटतो. डायल गेज लावून केंद्र तपासणारा मिस्त्री आणि नजरेने बोल्ट कसणारा मिस्त्री यांच्या कामातला फरक पहिल्या महिन्यात कळत नाही; तो पावसाळ्यानंतर कळतो. म्हणूनच इंजिन व गिअरबॉक्स एकाच गाडीतून जोडीने काढून जोडीनेच बसविणे श्रेयस्कर मानले जाते. चारही चाकांना गती देणाऱ्या जीपमध्ये मात्र गिअरबॉक्समागे ट्रान्स्फर केस असते. तिची जुळणी टिकवावी लागत असल्याने तेथे ही मोकळीक कमी असते.

दुसरी बाब गिअरांच्या गुणोत्तराची. सीजे-३बी जीपच्या ॲक्सलचे गुणोत्तर ५.३८ : १ असे आढळते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे होतात. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर थेट टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या दर मिनिटास १००० फेऱ्यांमागे गाडीचा वेग ताशी सुमारे २४.५ कि.मी. येतो. ४००० फेऱ्यांपर्यंत फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनावर ही जीप ताशी ९८ कि.मी.पर्यंत जाऊ शकते. त्याच ॲक्सलवर २५०० फेऱ्यांच्या आसपास सुखाने चालणारे, ट्रॅक्टरच्या वंशातील इंजिन लावल्यास वेग ताशी ६१ कि.मी.वरच अडतो, आणि चालक ॲक्सिलरेटर दाबून इंजिन विनाकारण ओरडवत राहतो. यावर उपाय दोन: ॲक्सलचे क्राऊन-पिनियन बदलणे किंवा ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गतींचा गिअरबॉक्स घेणे. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ असेल, तर त्याच २५०० फेऱ्यांत वेग ताशी ७६ कि.मी.पर्यंत जातो. नव्या इंजिनासोबत नवा गिअरबॉक्स घेण्यामागचे खरे कारण हे आहे.

डिझेल इंजिनाचे वजन बहुधा जास्त असते. त्यामुळे पुढील कमानपाटे दबतात आणि खड्ड्यात ॲक्सल इंजिनाच्या ऑइल पॅनवर आदळण्याचा धोका संभवतो. इंजिनाचा हादरा मूळ माउंटिंगला सोसत नाही; रबरी माउंटिंग योग्य जागी न दिल्यास चॅसीला वेल्डिंगच्या कडेने चिरा जातात. गिअरबॉक्सची लांबी बदलल्याने प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो आणि जोडल्यावर त्याचे बॅलन्सिंग करावे लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा हवेत जुना, आतून क्षार साचलेला रेडिएटर नव्या इंजिनास पुरत नाही.

काही गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण अपघात त्यांतूनच घडतात. पेट्रोल इंजिन प्रज्वलन तोडल्यावर बंद पडते. डिझेलचे तसे नसते, त्याचा इंधनपुरवठाच थांबवावा लागतो. त्यासाठीची तार किंवा सोलेनॉइड न बसविल्यास चावी काढूनही इंजिन चालूच राहते. डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात पेट्रोल इंजिनासारखी निर्वात स्थिती निर्माण होत नाही. म्हणून ब्रेकला सर्वो असल्यास स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. नोझलांतून परतणाऱ्या डिझेलसाठी टाकीपर्यंत परतीची नळी टाकावी लागते. स्पीडोमीटरचा गिअर जुळत नसल्यास काटा खोटा वेग दाखवितो.

ब्रेकचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी गाडी ८० च्या वेगाने जाऊ लागली, तर थांबविताना ब्रेकने पचवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून किंचित अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिनावर मोठी रक्कम घालविणारे मालक ब्रेकसाठी हात आखडता घेतात, ही या प्रथेची सर्वांत दुबळी बाजू होय.

नांदेड व लातूर

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि येथील व्यापाराची ओढ पुढेही हैदराबादकडे राहिली. जुने इंजिन, गिअरबॉक्स वा दुर्मीळ भाग यांसाठी नांदेड, देगलूर, उदगीर या भागांतील ग्राहकाला पुण्यामुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते. रेल्वेचे जाळे विरळ, खेड्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर काळी माती, पावसाळ्यात चिखल. अशा परिस्थितीत उंच, साध्या बांधणीच्या व हातोडी-पान्याने दुरुस्त होणाऱ्या गाडीला मोल होते. बाजारच्या दिवशी माणसे, तुरीची पोती आणि भाजीच्या पाट्या एकाच गाडीतून जात. अशा गाडीचे इंजिन थकले, तर नवी गाडी घेण्यापेक्षा दुसरे इंजिन टाकून तोच सांगाडा चालविणे अनेक कुटुंबांना परवडणारे होते. गाडी उभी राहणे म्हणजे उत्पन्न बंद होणे, हा हिशेब त्यामागे असे.

या दोन जिल्ह्यांतील वाहनांची नोंदणी अनुक्रमे एमएच-२६ (नांदेड) व एमएच-२४ (लातूर) या संकेतांकांखाली होते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ या विषयाशी निगडित आहे. मूळ तरतुदीनुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्यास सूचना देऊन मान्यता घ्यावी लागे. म्हणजे परवानगीचा दरवाजा उघडा होता. २००० च्या दुरुस्तीने तो बराच अरुंद केला. आता निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांपासून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी किंवा ऊर्जास्रोतासाठी विहित अटींवर रूपांतर संच बसविता येतो. किमान १० परिवहन वाहने असलेल्या मालकांना त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमान्यतेविना बदलण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. असा बदल १४ दिवसांत कळवावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात कलम ५२ चा अर्थ स्पष्ट करताना निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार ग्राह्य नसल्याचे म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

व्यवहारात याचे परिणाम दंडापुरते मर्यादित राहत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक व प्रत्यक्ष क्रमांक जुळत नसेल, तर १५ वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण अडते, गाडी विकताना हस्तांतरण होत नाही आणि अपघातानंतर विम्याचा दावा वादात सापडतो. हे अंतिमतः ज्याला भोगावे लागते तो बहुधा बदल करणारा नसून, त्याच्याकडून गाडी विकत घेणारा असतो. भंगारातून आणलेल्या इंजिनाची पावती नसल्यास ते चोरीच्या गाडीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भारही मालकावर येतो.

प्रथेचा उतार

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये व डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. त्यानंतर दोहोंतील तफावत घटली आणि डिझेल इंजिन टाकण्यामागील आर्थिक कारण दुबळे झाले. दुसरीकडे, इंजिनाची रचनाही बदलली. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांची इंजिने संगणकीय नियंत्रण, अनेक संवेदक आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांवर अवलंबून असतात. असे इंजिन जुन्या जीपमध्ये बसवायचे, तर त्याच्या मूळ गाडीतील तारांचे संपूर्ण जाळे व चावीची सुरक्षा-यंत्रणाही सोबत आणावी लागते. लेथ आणि वेल्डिंग यांवर पोसलेली विद्या तेथे अपुरी पडते.

जुन्या जीपांकडे आता काही मालक वारसा म्हणून पाहतात, आणि त्यांच्यापुढे उलटीच अडचण उभी राहते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने पहिल्या नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेल्या, व्यापारी उपयोगात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. अशा वाहनांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. वाहन मूळ स्वरूपात असावे व त्याच्या चॅसीत, सांगाड्यात अथवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी यातील अट आहे. त्यामुळे पूर्वी डिझेल इंजिन टाकलेल्या सीजे-३बी जीपांचे मालक आता मूळ 'हरिकेन' इंजिन व तीन गतींचा गिअरबॉक्स शोधताना आढळतात. ही इंजिने त्या काळी बहुधा भंगाराच्या भावाने विकली गेली होती.