जुन्या रेडिओतला कॅपॅसिटर बदलण्याआधी

समजा, घराच्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला. पहिला मोह एकच होतो: प्लग लावून बघू या, चालतोय का! थांबा. तो तसाच लावू नका. आणि कोणी म्हणालं की "सगळे कॅपॅसिटर काढून नवे टाक, काम फत्ते", तर तेही लगेच ऐकू नका. आधी ते कॅपॅसिटर तिथे का आले, ते पाहू.

आपले जुने मेकॅनिक याला 'कंडेन्सर' म्हणायचे. पंख्याच्या बाबतीत आपण आजही तेच म्हणतो. व्हॉल्व्हच्या रेडिओत याचे दोन मुख्य प्रकार सापडतात आणि दोघांचा इतिहास वेगळा आहे.

पहिला कागदाचा. 1876 मध्ये फिट्झगेराल्ड यांनी मेण मुरवलेल्या कागदाच्या कॅपॅसिटरचं पेटंट घेतलं. धातूच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये कागद, गुंडाळी करायची, मेणात बुडवायची. स्वस्त आणि सोपं. पण कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज हवेतला ओलावा ओढून घेतं. मेणाला तडे गेले की ओल आत शिरते. मग जो भाग डीसी अडवण्यासाठी बसवला, त्यातूनच थोडा थोडा डीसी झिरपू लागतो.

थोडा म्हणजे किती? गणित करून बघा. आवाजाच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर 100 व्होल्ट आहेत. तिथून शेवटच्या, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रीडपर्यंत एक कॅपॅसिटर आहे, आणि ग्रीडपासून जमिनीला 1 मेगाओहमचा रेझिस्टर. कॅपॅसिटर बिघडून त्याचा रोध 20 मेगाओहम झाला, तर ग्रीडवर 100 भागिले 21, म्हणजे जवळपास 4.8 व्होल्ट येतात. ईएल84 सारख्या व्हॉल्व्हला तिथे साधारण उणे 7 व्होल्ट बायस लागतो. तो जवळजवळ पुसलाच गेला! व्हॉल्व्हमधून मर्यादेपेक्षा जास्त करंट वाहतो, तो तापतो, आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. 20 मेगाओहम हा आकडा मोठा वाटतो, पण या जागी तो फारच लहान आहे.

इथे मोजमापाचा एक धडा आहे. साधा मल्टिमीटर हाच कॅपॅसिटर 'ठीक' दाखवू शकतो, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. गळती दिसते ती कामाच्या व्होल्टेजवर. उपकरण काय मोजतंय आणि कोणत्या परिस्थितीत, हा प्रश्न प्रयोगशाळेत रोज विचारावा लागतो. इथेही तोच.

दुसरा प्रकार इलेक्ट्रोलिटिक. 1896 मध्ये करोल पोलाक यांनी ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या थराचा वापर करून असा कॅपॅसिटर बनवला. हा थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ असू शकतो, त्यामुळे लहान डब्यात मोठी धारिता मावते. पण तेव्हा रेडिओ कुठे होता? सुरुवातीचे घरगुती रेडिओ बॅटरीवर चालत. 1925 मध्ये टोरंटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी थेट घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला. विजेवरचा रेडिओ म्हटला की एसीचा डीसी करायचा, आणि 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर पूर्ण रेक्टिफायर लावला की 100 हर्ट्झची गुणगुण उरते. ती दाबायला मोठी धारिता हवी. कागदाचे तेवढे मोठे ठोकळे जागाही खात आणि पैसाही. त्याच सुमारास सॅम्युएल रूबेन यांनी द्रवाऐवजी पेस्टसारखं इलेक्ट्रोलाइट वापरणारा 'कोरडा' प्रकार पुढे आणला, आणि विजेवरचा रेडिओ आटोपशीर व स्वस्त होत गेला.

अडचण अशी की तो ऑक्साइडचा थर टिकतो व्होल्टेज मिळत राहिलं तर. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या रेडिओत इलेक्ट्रोलाइट सुकतं, थर कमजोर होतो. प्लग लावताच भलताच करंट वाहून रेक्टिफायर किंवा मेन्स ट्रान्सफॉर्मर जातो. म्हणजे ज्या स्वस्त भागांनी रेडिओ घरोघरी पोचवला, तेच त्याच्यातले सर्वात आधी मरणारे भाग ठरले.

मग बदलायचेच ना? हो, बहुतेक बदलावे लागतातच. पण ते पुरावाही आहेत. एखाद्या रेडिओत मेणाच्या गुंडाळ्यांशेजारी एखादा पॉलिएस्टरचा कॅपॅसिटर दिसतो. म्हणजे कोणीतरी नंतर दुरुस्ती केली. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत जो भाग मिळाला, तो बसवला. अशा दुरुस्त्यांची नोंद सहसा कुठल्याही दप्तरात मिळत नाही. ती त्या सोल्डरच्या थेंबात असते.

मी पहिल्या रेडिओत नेमकी हीच चूक केली. एका रविवारी चौदा कॅपॅसिटर काढले, नवे लावले, जुने कचऱ्यात. रेडिओ मुका. दोन जोडण्या चुकल्या होत्या, फोटो नव्हता, आणि मूळ बिघाड कशात होता हे आता कधीच कळणार नाही. चौदा चल एकदम बदलले, तर निष्कर्ष कशाचा काढणार?

म्हणून क्रम असा ठेवा. प्लग काढा. कॅपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा, कारण आत 250 व्होल्टच्या वर असू शकतात. काही सेटमध्ये प्लग लावलेला असताना चेसिसच थेट मेन्सला जोडलेलं असतं, म्हणून जाणकार माणूस सोबत हवा. मग फोटो काढा, आकृती काढा, प्रत्येक भागावरची किंमत आणि तारखेचा शिक्का वहीत लिहा. एक बदला, तपासा, मग दुसरा. मेन्सच्या तारांमध्ये बसणारा कॅपॅसिटर मात्र त्या कामासाठी प्रमाणित केलेलाच घ्या. जुने भाग पाकिटात घालून, जागा लिहून, रेडिओबरोबर ठेवा.

काही जण जुन्या नळीतलं मेण वितळवून आत नवा कॅपॅसिटर लपवतात. दिसायला सुरेख. पण 1964 च्या व्हेनिस सनदेत स्मारकांबद्दल म्हटलंय की भरलेला नवा भाग मूळापासून ओळखता आला पाहिजे. रेडिओ काही स्मारक नाही, तरी हा नियम मला पटतो. लपवायचंच असेल तर आत तारीख घातलेली चिठ्ठी ठेवा. पन्नास वर्षांनी तो रेडिओ कोणीतरी पुन्हा उघडेल, आणि तुमची दुरुस्ती हाच त्याचा पुरावा असेल.