गाणारा पक्षी, अबोल प्राणी आणि सिरोंचा

प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचे सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८२ पूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. पक्षिशास्त्राच्या इतिहासात हे नाव जवळजवळ एका ओळीपुरतेच येते: एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी येथे जेर्डनचा धाविक नोंदवला. या एका ओळीचे महत्त्व जाणण्यासाठी आम्ही एक दूरचे उदाहरण घेतो.

भारतात शिशुधान प्राणी नाहीत. ते ऑस्ट्रेलियात विपुल. तेथे १८४०च्या सुमारास जॉन गिल्बर्ट या संग्राहकाने नैर्ऋत्य भागातून दोन जीव शास्त्राला दिले. एक पोटोरू: कांगारूचा लहानसा निशाचर नातलग, जमिनीखालची बुरशी उकरून खाणारा आणि अबोल. दुसरा स्क्रब-बर्ड: दाट झुडपांत लपणारा, पण खणखणीत गाणारा पक्षी. एकोणिसावे शतक संपेपर्यंत दोघेही दिसेनासे झाले आणि पुढे नामशेष मानले गेले.

१९६१मध्ये टू पीपल्स बे येथे पक्षी पुन्हा सापडला. तेथे शहर वसवण्याची योजना होती. ती रद्द होऊन १९६७मध्ये अभयारण्य झाले. त्याच अभयारण्यात १९९४मध्ये पोटोरूही सापडला. गाणाऱ्याने जागा राखली आणि न गाणारा तिच्यात तगून राहिला. इतिहासाची नोंदही बहुधा अशीच राखली जाते: ज्याचा आवाज पोहोचतो त्याच्या आश्रयाने इतर उरतात.

धाविकाची कथा याच्याशी जुळते, पण अर्धीच. १९००नंतर बेपत्ता झालेला हा निशाचर पक्षी जानेवारी १९८६मध्ये कडप्पा जिल्ह्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांना पुन्हा गवसला, तोही स्थानिक शिकाऱ्याच्या मदतीने. त्याच्यासाठी तेथे अभयारण्य झाले. १९८६नंतरच्या खात्रीशीर नोंदी मात्र आंध्रातल्याच आहेत; सिरोंचाच्या वाट्याला ती जुनी ओळच आली.

जेर्डनने पक्ष्याचे तेलुगू नाव टिपले होते, म्हणजे लोकांना तो ठाऊक होता. पण शास्त्राने जपले ते जेर्डनचे नाव. सिरोंचात तेलुगू, गोंडी, माडिया आणि मराठी शेजारी नांदतात. तेथील झुडपी रानाचा इतिहास लिहायचा तर दप्तराआधी रात्री जागणाऱ्या माणसांना विचारले पाहिजे, असे आम्हांस वाटते. एखादी ओळ पुढे सरकते ती तिथूनच.