ओटीपी येत का नाही? मोबाईलचा मेसेज टॉवरवरून हातात असा पोहोचतो

धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी असो, पीएम किसानची ई-केवायसी असो की चुकारे खात्यात पडल्याची खबर असो, आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याचं बरंचसं काम आता साध्या मेसेजवर येऊन अडतं. सेतू केंद्रावर हातात मोबाईल धरून ओटीपीची वाट पाहणारे लोक सालेकसापासून अर्जुनी मोरगावपर्यंत कुठेही दिसतील. समोरचा ऑपरेटर म्हणतो "पाठवला", आणि आपल्या मोबाईलवर काहीच नाही. यात दोघंही खरं बोलत असतात. कारण मेसेज थेट आपल्या मोबाईलमध्ये येऊन पडत नाही. मधे त्याचा एक मुक्काम असतो.

या मुक्कामाला मेसेज सेंटर म्हणतात. आपण 'पाठवा' दाबलं की मेसेज जवळच्या टॉवरवर जातो आणि तिथून कंपनीच्या सेंटरमध्ये. सेंटरने तो ठेवून घेतला की आपल्याला 'सेंट' असं दिसतं. म्हणजे पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं, एवढंच. समोरच्याला मिळालं असा त्याचा अर्थ नाही.

आता सेंटरला शोधायचं असतं की हा नंबर सध्या कुठे आहे. त्यासाठी प्रत्येक कंपनीकडे ग्राहकांची एक मोठी नोंदवही असते. आपला मोबाईल चालू असला की तो अधूनमधून नेटवर्कला आपली हजेरी देत राहतो आणि ती या वहीत चढते. वहीत पाहून सेंटर मेसेज त्या भागाकडे पाठवतं. मग तिथले टॉवर आपल्या मोबाईलला हाक मारतात. मोबाईलने 'ओ' दिली की मेसेज उतरतो, आणि मोबाईल उलट पोच देतो. हे सगळं रेंज चांगली असेल तर काही सेकंदांत होतं.

'ओ' आली नाही तर? मेसेज सेंटरमध्येच थांबतो आणि वहीत खूण केली जाते की या नंबरचं काही पडून आहे. मोबाईल पुन्हा हजेरीला आला की वही सेंटरला कळवते आणि मेसेज सुटतो. म्हणूनच जंगलातून किंवा बांधीतून घरी आलं की पाच-सहा मेसेज एकदम टणटण वाजतात. किती वेळ थांबवायचं याची मुदत मात्र ठरलेली असते. मुदत संपली की सेंटर तो मेसेज टाकून देतं, आणि आपल्याला काहीच कळत नाही.

ओटीपी अडकला तर घाईघाईने चार वेळा 'पुन्हा पाठवा' दाबू नका. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी मागितला की जुना रद्द होतो, आणि उशिरा आलेल्या चारांतला कोणता टाकायचा हेच समजत नाही. त्यापेक्षा मोबाईल विमान मोडवर टाकून अर्ध्या मिनिटाने काढा, किंवा बंद करून चालू करा. त्याने मोबाईल नव्याने हजेरी देतो आणि पडून असलेला मेसेज सुटायला मदत होते.

सालेकसा, आमगाव, देवरीकडच्या सीमेवरच्या लोकांना आणखी एक अनुभव असतो. मोबाईल कधी आपल्या बाजूचा टॉवर धरतो, कधी बालाघाट किंवा राजनांदगावकडचा. टेलिफोनच्या हिशेबात मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक सर्कल आहे आणि आपलं वेगळं. मेसेज तरीही येतो, कारण हजेरी आपल्याच कंपनीच्या वहीत लागते. पण मोबाईल दोन टॉवरांमध्ये झुलत असला, तर हाक एकीकडे आणि मोबाईल दुसरीकडे असं होऊन उशीर लागू शकतो. थोडं उंच जागी जाऊन एका जागी उभं राहिलेलं बरं.

मेसेजला इंटरनेट लागत नाही. कॉल जोडायला, मोबाईल शोधायला नेटवर्कमध्ये जी छोटी वाट ठेवलेली असते, त्याच वाटेने तो मूळात जायला लागला. वाट छोटी म्हणून ओझंही छोटं, फक्त १४० बाइट. पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला, नील पॅपवर्थ या इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून पाठवलेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एवढी वर्षं झाली, ओझ्याचं माप तेच आहे.

या मापात इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, मराठीची फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'धान' म्हणजे आपल्याला दोन अक्षरं, मोबाईलला तीन. 'केंद्र' तर सहा. मोठा मराठी मेसेज म्हणून तुकडे करून जातो आणि आपला मोबाईल ते जोडतो. एखादा तुकडा मागे राहिला की मेसेज अर्धवट दिसतो. सरकारी खात्यांचे मेसेज इंग्रजीत किंवा इंग्रजी लिपीतल्या मराठीत का येतात, त्याचं एक कारण हे खर्चाचं गणित आहे. तरी शेतकऱ्याला पाठवायचा मेसेज त्याला वाचता येईल असाच असावा, असं आमचं मत आहे.

सिम बदलणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हरवलेलं किंवा खराब झालेलं सिम बदलून त्याच नंबरचं नवं घेतलं की पहिले २४ तास मेसेज बंद असतात. हा दूरसंचार विभागाचा २०२२ चा नियम आहे. दुसऱ्याने आपल्या नावाने सिम काढून बँक खातं साफ करू नये म्हणून तो केला. तेव्हा नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका. रिचार्जची मुदत संपवूनही ठेवू नका. घरी म्हाताऱ्या माणसाकडे बटणाचा फोन असेल तर नेटचा पैसा कशाला भरायचा? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज असलेले रिचार्जही ठेवायला लावले आहेत, दुकानात मागून घ्या. फोन-पे, गुगल-पे नव्याने चालू करताना आपल्या सिमवरून एक मेसेज जातो. मेसेजची सोय नसलेल्या सिमवर ते काम पुढे सरकत नाही.

रोवणीच्या दिवसांत वीज पडण्याचा किंवा नदीला पूर येण्याचा इशारा साध्या मेसेजने आला, तर तोही वरच्यासारखाच एकेक नंबर शोधत येतो आणि उशीर होऊ शकतो. मोठ्या आवाजात वाजून सगळ्या स्क्रीनभर येणारा इशारा वेगळा. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या होत्या, अनेकांनी घाबरून फोन बंद केले. त्याला नंबर लागत नाही, वही लागत नाही. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्या टॉवरखालच्या ही सोय असलेल्या सगळ्या फोनना एकाच वेळी ऐकू जातं. सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे बंद करून ठेवले असतील तर चालू करा.

शेवटी पाठवणाऱ्याचं नाव. बँकेचा किंवा खात्याचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, अक्षरी नावाने येतो. त्या नावाच्या शेवटी २०२५ पासून एक अक्षर लावतात. इंग्रजी जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा (ओटीपी वगैरे), एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरात. "तुमचा हप्ता थांबला आहे, लिंक दाबा" असं साध्या नंबरवरून आलं तर लिंक दाबू नका. नाव बरोबर दिसलं तरी ओटीपी फोनवर कोणाला सांगायचा नाही, बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही. जाहिरातींचा त्रास असेल तर १९०९ वर तक्रार करता येते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.