केबिन रोड, तर्खड आणि हरवलेला कर्ता

‘केबिन रोडला सोडता का?’

भाईंदर पूर्वेला हे वाक्य रोज ऐकू येतं. केबिन इंग्रजी, रोड इंग्रजी. तरी वाक्य कुठल्या भाषेतलं, असं कुणी विचारत नाही. मराठीच. कारण रोडला आपला ‘ला’ लागलाय, आणि ‘सोडता का’ म्हणताना समोरच्याचा मानही राखला गेलाय. शब्द पाहुणे, घर आपलं. या घराचा सांगाडा म्हणजे व्याकरण.

हे आजचं नाही. खाडीपलीकडच्या वसईवर १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण चावी, पगार, बटाटा, घमेलं हे त्यांचे शब्द मराठीत राहिले. कसे राहिले? एक चावी, दोन चाव्या, चाव्यांचा जुडगा. घमेलं, घमेली, घमेल्यात. मराठीने त्यांना लिंग दिलं, अनेकवचन दिलं, प्रत्यय लावले आणि घरचं करून टाकलं. परक्या शब्दांनी भाषा मोडत नाही. शब्द बांधायची रीत विसरली की मोडते.

ही रीत मराठी माणसांसाठी मराठीतच लिहून काढणाऱ्यांत पहिलं ठळक नाव दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं. त्यांच्याआधी १८०५ साली विल्यम केरीने श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत. म्हणजे बाहेरच्याला मराठी शिकवायला. दादोबांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आलं १८३६ साली. तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. जन्म मुंबईतला, पण आडनाव आलं वसईजवळच्या तर्खड गावावरून. आपल्याकडून खाडीपूल ओलांडला की तो सगळा मुलूख सुरू होतो. लोक पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. हेच दादोबा पुढे नोकरीनिमित्त सुरतेला होते. तिथे १८४४ साली दुर्गाराम मेहता यांच्यासारख्या गुजराती सुधारकांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेदाविरुद्ध बोलणारी. मराठीचं व्याकरण लिहिणारा माणूस गुजराती शेजाऱ्यांत राहून काम करत होता, आणि त्यात त्याची मराठी काही कमी झाली नाही.

जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला भाषेवरून काय वातावरण होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत मला हे दोन भाषांचे सांगाडे आठवत होते. आपण म्हणतो, ‘मी केळं खाल्लं’. गुजराती शेजारी म्हणतो, ‘में केळुं खाधुं’. दोन्हीकडे खाणारा बाई असो वा बुवा, क्रियापद केळ्याच्या मागे जातं. दोन्हीकडे तीन लिंगं. सांगाडा बघितला की नातं दिसतं. मराठी इथली राज्यभाषा आहे, ती इथे चाललीच पाहिजे, यात दुमत नाही. पण ती शिकवायची तर अशी, हात धरून.

आता एक गैरसमज. व्याकरण म्हणजे लोकांच्या चुका काढणं नव्हे. आपल्या आगरी माणसाने ‘पानी’ म्हटलं की हसणारे असतात. पण आगरीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो तो नेमाने होतो. नियम आहे म्हणजे तेही व्याकरणच. पुस्तकात छापलं नाही, एवढंच.

मग व्याकरण लागतं कुठे? अर्ज लिहिताना. ‘पावसाचं पाणी घरात शिरलं’ म्हणजे एका घरात. ‘घरांत शिरलं’ म्हणजे अनेक घरांत. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, पण अनेकवचनाचा हा ठेवला. एका टिंबात आख्खी चाळ मावते.

आणि सूचना वाचताना लागतं. ‘ठेकेदार ३१ मेपर्यंत गाळ काढेल’ या वाक्यात कर्ता आहे, तारीख आहे. ‘गाळ काढण्यात येईल’ यात दोन्ही नाहीत. कोण काढणार? कधी? गाळ काढण्यात येईल, खड्डे बुजवण्यात येतील, दखल घेण्यात येईल. वाक्य शुद्ध आहे, एकही चूक नाही. फक्त जबाबदार माणूस त्यातून निघून गेलाय. शाळेत ‘कर्ता ओळखा’ हा दोन मार्कांचा प्रश्न होता. पुढे नागरिक म्हणून तोच सगळ्यात कामाला येतो.

तेव्हा मराठीचा अभिमान जरूर बाळगूया. जोडीला एवढं करूया. पुढच्या वेळी सोसायटीच्या बोर्डावर किंवा नाक्यावरच्या फलकावर ‘करण्यात येईल’ दिसलं, की खाली नम्रपणे लिहून विचारायचं: कोणाकडून, आणि कधीपर्यंत?