मेहर माफ

आमच्या खाडीकाठच्या गावातले पुरुष बोटीवर जायचे. दादीच्या थोरल्या बहिणीचा, बुबूचा, नवराही लग्नानंतर दीड वर्षात मुंबईहून खलाशी म्हणून गेला. एडनहून एक पत्र आलं, मग काहीच नाही. दादी म्हणायची, "बुबू ना नवऱ्याची राहिली, ना बेवा झाली."

तलाक द्यायचा तो नवऱ्याने. बायकोने खुला, म्हणजे फारकत, मागितला तरी त्याचा होकार लागायचा. जो सापडतच नाही, त्याच्याकडे कुणी काय मागायचं? शरियतमध्ये अशा माणसाला 'मफकूद' म्हणतात. त्याच्या वयाचे सगळे मरेपर्यंत, नाहीतर तो नव्वदीचा होईपर्यंत बायकोने थांबावं, असं हनफी पंथाचे फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, सांगत. मालिकी पंथाने मात्र खलिफा उमर यांचा निवाडा धरला : चार वर्षं वाट पाहायची, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे दुसऱ्या लग्नाआधी थांबायची मुदत, पुढे बाई मोकळी. पंजाबात बायका लग्नातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी १९३१ साली हनफींनाही मालिकी मताची वाट काढून दिली. त्या खटपटीतून १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्यातही चार वर्षंच आहेत. पुरुषाला एक शब्द पुरायचा आणि बाईला चार वर्षं मोजावी लागायची, याचा मला आजही राग येतो. पण त्या चार वर्षांनीच बुबूचा जन्म वाचवला.

दुसरं महायुद्ध संपल्यावर तिने रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावला. अशा दाव्यात नवऱ्याच्या भावालाही बोलवावं लागतं. दीर आला, "भावाची खबर नाही" एवढंच बोलला आणि रडला.

हुकूमनामा झाला, पण तो सहा महिने लागू होत नाही. तेवढ्यात नवरा परतून नांदवायला तयार झाला, तर कोर्ट तो रद्द करतं. इतकी वर्षं जो यावा म्हणून बुबूने दुआ मागितली, तो आता येईल की काय, या धास्तीने ती खाडीवरच्या तरीकडे बघायची. हे सांगताना दादी दरवेळी थांबायची.

सहा महिने गेले, इद्दतही सरली. शेजारच्या गावातल्या एका बिजवराशी निकाह ठरला. आदल्या संध्याकाळी बुबू दादीला घेऊन खाडीवर गेली. पहिल्या नवऱ्याने निकाहात कबूल केलेला मेहर द्यायचा राहिला होता. मेलेल्या माणसावरही ते कर्जच असतं. पाण्याकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "मेहर माफ केला."

मग दोघी घरी येऊन मेंदी वाटायला बसल्या.